ऑर्मरॉड, भाग नववा

सहकारनगरातल्या आमच्या वाचनालयात
ऑर्मरॉडचा नववा भाग यायच्या आधीच
वहीत सतरा नावं लागली होती.
त्यातली दोन एकाच घरातली,
नवरा-बायको, एकमेकांना न सांगता.

फडतरे, फरासखान्यातून निवृत्त,
पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणाले,
"पंचनामा कुठाय? साहेब थेट मुडद्याशेजारी गुडघे टेकतो.
पंच कोण? कोणीच नाही.
आम्ही असं केलं असतं तर कोर्टात आमचीच उलटतपासणी.
पण ते धुकं बरोबर लिहिलंय.
रात्रपाळीला बूट असेच जड होतात."
जाताना म्हणाले, दहावा आला की फोन करा.

दातांच्या डॉक्टर ऋजुता केळुसकरांना
सार्जंट टिली आवडते, ऑर्मरॉड नाही.
"राबते ती,
आणि शेवटच्या प्रकरणात खिडकीशी उभं राहून बोलतो कोण?"
हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं
की मला वाटलं, भूल देतायत.

अकरावीतला निहार म्हणाला, स्लो आहे.
दोनशे पानं नुसता चहा पितात.
मग सायकलचं कुलूप काढता काढता:
चहा पिताना जे बोलत नाहीत ना, ते भारी आहे.

गोगावले सर चौथ्या भागापासून नाराज.
चौथ्यात ऑर्मरॉडची बायको गेली,
"आणि पाचव्यात लेखकाने कुत्रा आणला.
कुत्रा हा काही उपाय नव्हे."
नवव्यात तो कुत्रा आजारी पडतो, ते पान
त्यांनी मला उघडून दाखवलं.
वाचून दाखवता आलं नाही.

त्रेचाळिसाव्या पानावर कुणीतरी
खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, दाबून.
दुपारभर मी खोडरबर घेऊन बसले.
भिंतीवर कागद लावला:
'खुनी कोण हे सांगणाऱ्याची अनामत जप्त होईल.'
रात्री स्वतः वाचून संपवलं, तर खुनी दुसराच.
म्हणजे दुपारभर मी
एका निर्दोष माणसाचं नाव पुसत होते.

गुमास्ते मात्र कधीच काही बोलायचे नाहीत.
त्यांचं मत म्हणजे एक ठिपका.
खुनी पहिल्यांदा पानावर येतो,
तिथे त्याच्या नावाखाली, पेन्सिलचा, तिळाएवढा.
दूधवाला. वकिलाचा भाचा. चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई.
आठ भाग, आठ ठिपके. मी एकेक ताडून पाहिलेत.

नववा त्यांच्याकडे सात आठवडे राहिला.
कुमुदिनीबाई घेऊन आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दोनशे बाराव्या पानात बसचं तिकीट.
पुढची पानं कोरी करकरीत.
दंडाचा हिशेब त्यांनी घरूनच करून आणला होता,
अडतीस रुपये, सुट्टे.
मी नको म्हटलं, तर म्हणाल्या,
"त्यांना आवडलं नसतं."

मी ठिपका शोधायला लागले, त्यांच्यासमोरच.
पहिलं प्रकरण. साक्षीदार. कालव्याचं फाटक उघडणारा म्हातारा.
तीन नावांखाली तीन ठिपके,
एक खोडलेला, एक पुन्हा गिरवलेला.
खऱ्या नावाखाली काहीच नाही.

"बरोबर होतं का त्यांचं?"
पंख्याचा आवाज येत होता.
मी म्हटलं, हो.

कुमुदिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला,
इंग्रजी कपाटापाशी गेल्या,
खालच्या रांगेत वाकून पहिला भाग काढला.
"माझं इंग्रजी शाळेपुरतंच.
महिन्याला एक झाला तरी पुरे."

म्हणजे नऊ महिने.
त्या जिना उतरल्यावर मी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली,
टोक केलं, पान एकतीस उघडलं.
पुरावा बनवणं हाही गुन्हाच, फडतरे म्हणतील.
हात स्थिर ठेवला होता.
तरी माझा ठिपका त्यांच्याहून
जरा मोठाच पडला.